पौर्णिमेला अकराची ओहोटी

संध्या शिवलकरनं अहवालातल्या एका ओळीखाली लाल पेनानं रेघ ओढली. ‘पौर्णिमा, सकाळी अकरा. ओहोटी असल्याने सखू खडपात कालवं काढत होती. तिथेच बसून बोललो.’

पौर्णिमेला सकाळी अकराला पूर्णगडच्या खडपावर, किनाऱ्याच्या त्या कातळांवर, पुरुषभर पाणी असतं. कालवं काढायला सखूला बुडीच मारावी लागली असती. समाजकार्य महाविद्यालयातल्या बाकीच्या मॅडम देशावरच्या, त्यांनी ही ओळ कौतुकानं वाचली असती. संध्याचा बाप मात्र दाभोळचा, उभा जन्म होडीवर काढलेला. भरती-ओहोटी कळायला तिला तिथी पुरायची.

तिनं अहवाल पहिल्यापासून चाळला. विद्यार्थिनी मनस्वीच्या अकरा गृहभेटी. सखूचा नवरा बोटीवर खलाशी, घरी आला की मारतो. डाव्या मनगटावर काळानिळा डाग. सासू तिला एकटीला कुठं जाऊ देत नाही. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की येत्या सोमवारी सखू रत्नागिरीला येऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडे मारहाणीची तक्रार देणार आहे. सगळं कसं जिथल्या तिथं. संध्याला तेच खुपलं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी केतन नावाच्या एका गुणी विद्यार्थ्यानं चौदा गृहभेटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून लिहिल्या होत्या. संध्यानं त्याला सर्वांत जास्त गुण दिले, वर त्याचा अहवाल वर्गात वाचूनही दाखवला. खरं कळल्यावर सगळे पोट धरून हसले. ती हसली नव्हती. आज खोटी बाई लिहिणारा उद्या नोकरीत खऱ्या बाईचा कागद खोटा लिहील, हे तिला झोपू देत नसे.

तिनं मनस्वीला बोलावलं. मनस्वी हातात वही घेऊनच आली. संध्या वर्गात जे जे सांगे, ते ही मुलगी पहिल्या बाकावर बसून उतरवून घ्यायची. अहवालात नाव बदललं म्हणजे झालं असं नाही, बाई ओळखू येईल अशी प्रत्येक खूण बदला. आपल्याकडे येणारी बाई रस्त्यात दिसली, तर तिनं दाखवल्याशिवाय आपण ओळख दाखवायची नाही. सगळं सुवाच्य अक्षरात. सुवाच्य अक्षरावर संध्याचा हल्ली विश्वास उरला नव्हता.

“पौर्णिमेला गेली होतीस?”

मनस्वीनं पानाकडे पाहिलं. मग लाल रेघेकडे.

“अहवालात लिहिलंय, मॅडम.”

“अहवाल मला वाचता येतो. अकरा वाजता ओहोटी होती?”

मनस्वीची वही या हातातून त्या हातात गेली. “मॅडम, सोमवारपर्यंत थांबाल? मग मी सगळं सांगते.”

सोमवारपर्यंत! म्हणजे मधे दोन दिवस, गोष्ट नीट रचायला. संध्यानं फाइल बंद केली आणि “जा” म्हणाली.

शनिवारी सकाळी ती पूर्णगडच्या एसटीत बसली. कुणाला सांगितलं नाही. पोरीला रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून निघालेल्या माणसाला जसा हुरूप असतो, तसा तिला होता. पावस गेल्यावर तर तिनं मनातल्या मनात प्राचार्यांना द्यायचं पत्रही लिहून काढलं.

किल्ल्याखालच्या वाटेवर एक म्हातारी पडवीत सुके बांगडे निवडत बसली होती. संध्यानं मोबाइलमधला मनस्वीचा फोटो तिच्यासमोर धरला.

“आजी, ही मुलगी इथं कधी दिसली का?”

म्हातारीनं फोटोआधी संध्याला पाहून घेतलं. चपलांपासून केसांपर्यंत.

“तुमी कोन?”

“तिच्या कॉलेजातली.”

“ही व्हय? ही येते की. आमच्या सुनंकडं, तुळसाकडं. जाळं शिवाला शिकतेय.”

संध्याला झालेला आनंद लपवता आला नाही. पकडलं! कालवं नाहीत, खडप नाही, सखूही नाही. बाईसाहेब जाळं शिवायला येतात!

“जाळं?” ती हसून म्हणाली. “अहो, ती समाजकार्य शिकते. ज्या बायकांना घरी त्रास असतो, त्यांना भेटायला आम्ही तिला...”

तिचं वाक्य तिथंच अडलं. म्हातारीचे हात थांबले होते.

आतून एक बाई पडवीच्या दारात आली. पंचविशीची असेल. डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकल्या होत्या आणि त्यांच्याखाली मनगटावर डाग होता. काळानिळा, कडेनं पिवळा पडत चाललेला.

संध्यानं मोबाइल खाली घेतला. नाव खोटं होतं, कालवं खोटी होती, तिथी खोटी होती. डाग खरा होता. तिनंच शिकवलं होतं, प्रत्येक खूण बदला. पोरीनं बदलली होती. आणि आपण तो खोटेपणा पकडायला खऱ्या बाईच्या दारात येऊन उभ्या आहोत.

“कसला तरास गो?” म्हातारीनं सुनेला विचारलं. आवाज चढवला नाही.

तुळसानं एकदा संध्याकडे पाहिलं. तेवढंच. मग म्हणाली, “कामाचा तरास, आई. बायकांची कामं शिकतात, लिवून काढतात. त्येंच्या शाळंत त्याला समाजकार्य म्हनतात. व्हय ना, मॅडम?”

“हो,” संध्या म्हणाली. “जाळं शिवणंही त्यातच येतं.”

“मग म्याडमला येत आसंल,” म्हातारी म्हणाली. तिनं मागं हात घालून फाटकं जाळं पुढ्यात ओढलं आणि दोरा भरलेली सुई संध्यापुढं धरली.

संध्या मांडी घालून बसली. तीस वर्षांत तिनं ही सुई हातात घेतली नव्हती. दहावीपर्यंत बाबांच्या शेजारी बसून शिवायची, मग रत्नागिरीला आली आणि त्या हातांत पेन आलं. पहिली गाठ सुटली. म्हातारी बघत होती. दुसरीही सुटली. तुळसा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिचा सोमवार आपल्या बोटांवर आलाय हे संध्याला नीट कळत होतं. देवा, एवढं जमू दे, असं ती चक्क म्हणाली, मनात. मग बाबांसारखी तर्जनी आडवी धरून तिनं जाळ्याच्या घराचा आस मापला, दोरा वरून घेतला, खालून काढला, ओढला. गाठ बसली. दुसरा आस. तिसरा. भोक बुजेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

म्हातारीनं गाठ नखानं चाचपली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

“गाठ बराबर हाय,” ती म्हणाली. सुई मात्र तिनं तुळसाला दिली नाही, स्वतःच्या केसांत खोचली. “पन त्या पोरीला सांगा, झालं तेवडं शिकनं पुरं. आता येवं नको.”

रविवारी संध्यानं मनस्वीला फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

“मला विचारायचं होतंत, मॅडम.”

“विचारलं होतं.”

“तुम्ही ओहोटी विचारली होतीत.”

संध्यानं विचारलं, “उद्या येईल ती?”

“माहीत नाही,” मनस्वी म्हणाली. “तिचा फोन सासूकडे आहे.”

सोमवारी संध्या सकाळपासून रत्नागिरीच्या स्टँडवर, वर्तमानपत्रांच्या टपरीआड उभी होती. मनस्वी पलीकडे फलाटाजवळ होती. पूर्णगडची पहिली गाडी आली. शाळेची पोरं उतरली, टोपल्या घेऊन दोघी मासळीवाल्या उतरल्या. तुळसा नव्हती. संध्यानं टपरीवाल्याकडून एक वर्तमानपत्र घेतलं आणि तसंच घडी घालून परत ठेवलं. टपरीवाला तिच्याकडे संशयानं पाहायला लागला.

दुसरी गाडी पाऊण तास उशिरा आली. सगळे उतरल्यावर, कंडक्टरही उतरल्यावर, मागच्या दारातून तुळसा उतरली. हातात एकच पिशवी. उजव्या गालावर नवा वळ होता, तो शुक्रवारच्या अहवालात नव्हता.

मनस्वी पुढं झाली नाही. जागेवरच थांबली. तुळसानं तिला पाहून मान हलवली, तेव्हा ती जवळ गेली आणि पिशवी हातात घेतली. दोघी टपरीसमोरून, संध्याच्या चार हातांवरून गेल्या. तुळसाची नजर संध्यावर आली आणि पुढं निघून गेली. मग मनस्वीची आली. तीही थांबली नाही.

संध्यानं हाक मारली नाही. नियम तिचाच होता. त्या दोघी रस्ता ओलांडून संरक्षण अधिकाऱ्यांच्या कचेरीकडे वळेपर्यंत ती दुसरीकडे बघत उभी राहिली.