लग्नात एकच गोड

पायलच्या लग्नात गोड एकच ठेवायचं, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि उरल्यासुरल्याला भाव मिळाला नाही. पंगतीत तीन-तीन मिठाया वाढायची ऐपत गावात कुणाचीच नव्हती. पण ते एक गोड कोणतं, यावर पुरुषांचं जमेना. शेवटी नवरदेवाचे वडील म्हणाले, "दोघी ईनबाई दारव्ह्याले जा. खाऊन पाहा अन् काय ते ठरवा."

म्हणून बाजाराच्या दिवशी पायलची आई कांताबाई आणि नवरदेव प्रफुल्लची आई गुंफाबाई दारव्ह्याच्या स्टँडवर भेटल्या. साक्षगंधानंतर विहिणी-विहिणींची ही पहिलीच भेट. कांताबाई मुलीकडच्या. एखादा शब्द वाकडा जायला नको म्हणून त्यांनी वाटेतच ठरवलं होतं, की विहीण म्हणेल त्याला हो म्हणायचं.

पहिल्या दुकानात गुलाबजाम आले. दोघींनी चमच्यानं कोपरा तोडला, तोंडावर पदर धरून खाल्ला.

"बरा हाय," गुंफाबाई म्हणाल्या.

"बराच हाय," कांताबाई म्हणाल्या. खरं तर मधली गाठ कच्ची होती.

मग बालुशाही. ती दाताखाली भुरभुरली आणि वेलचीचा वास थेट नाकात चढला. कांताबाईंना दुसरी हवी होती, पण त्यांनी मागितली नाही.

पुढच्या दुकानात गरम इमरती मिळाली. गुंफाबाईंनी चावा घेतला मात्र, पाक मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेला. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हात वर करून कोपराच्या अलीकडून मनगटापर्यंत सरळ चाटून काढला.

कांताबाईंनी ते पाहिलं. हसू दाबायला गेल्या तर उचकी लागली. उचकीनं हातातली इमरती निसटून द्रोणात पडली आणि पाक उडून दोघींच्या लुगड्यांवर आला.

"हासा ना, ईनबाई," गुंफाबाई म्हणाल्या, "मीबी सकाळपासून हासू धरून राह्यली. घरून सांगून धाडलं, मुलाची आई हायेस, तोऱ्यात राह्य."

"अन् मले सांगतलं, कमी बोल."

"कोनं?"

"मीच मले."

त्यानंतर दोघींना आवरणं कठीण झालं. खव्याची जलेबी काळपट, जाडजूड, चावली की आतून उबदार पाक भसकन जिभेवर. ती डोळे मिटून खायची, असं गुंफाबाईंचं म्हणणं. रबडी मागवली. तिच्यावर सायीचा जाड थर होता, तो कुणी खायचा यावरून दोघी भांडल्या आणि अर्धा-अर्धा करून मोकळ्या झाल्या. साध्या जलेब्या कढईतून निघाल्या तशा उचलल्या, बोटं भाजली तरी.

"आता पोटात जागा नाई, गुंफाबाई."

"पोटाले कायले इचारता? जिभेले इचारा."

दुकानदार कौतुकानं बघत होता. त्यानं विचारलं, "लग्न कोनाचं हाय, बाई?"

तोंडात घास असताना गुंफाबाई बोलून गेल्या, "आमचं." मग कांताबाईंनी बाकाचा काठ घट्ट धरला, कारण हसता हसता त्या घसरायला लागल्या होत्या. डोळ्यांतून पाणी आलं. कित्येक महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

स्टँडवर दोघींचे नवरे वाट पाहत उभे होते. "मंग, काय ठरलं?"

विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. ठरवायचं राहूनच गेलं होतं.

"एवढं घाईत ठरते काय?" गुंफाबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. "पुढच्या बाजाराले पुन्हा यावं लागन." कांताबाई तिथल्या एका जीपच्या मागे जाऊन तोंडात पदर कोंबून उभ्या राहिल्या.

पुढच्या बाजाराला दोघी खरोखर आल्या आणि त्या खेपेला ठरलं. मांडवातच कढई लावून गरम जलेबी.

लग्नाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, टाळ्या वाजल्या. फोटोवाला दोन्ही आयांना बोलवत होता, आणि त्या सापडेनात. पायल स्वतः हार सांभाळत मांडवामागं गेली. तिथं आचाऱ्याच्या कढईपाशी दोघी उकिडव्या बसून पहिला घाणा संपवत होत्या.

"आई, हे काय?"

"चाखून पाहून राह्यलो बापा," तिची सासू म्हणाली आणि गरम जलेबीचा तुकडा सुनेच्या तोंडात घातला.

फोटोत नवरदेव व्यवस्थित आला आहे. दोन्ही आयांनी मात्र चिकट हात लुगड्याला लागू नयेत म्हणून वर धरलेत, आणि पायलचा गाल एका बाजूला फुगलेला आहे.