हसरी

फोटो तसा सगळ्यांच्या ओळखीचा. कारखान्यातल्या स्फोटानंतर फाटकाबाहेर जमलेली गर्दी, पुढे जमिनीवर बसून टाहो फोडणारी एक बाई, आणि तिच्या मागे, काय म्हणावं नशिबाला, बत्तिशी दाखवून हसणारी एक तरुण मुलगी! ती मुलगी म्हणजे आत्या. तो फोटो छापून आला आणि तिला 'हसरी' हे नाव पडलं ते पडलंच. ठरलेलं लग्न मोडलं, टोमणे ऐकून कान किटले. बिचारी पुन्हा कधी चारचौघांत मोकळेपणी हसली नाही.

आता वर्तमानपत्राने जुन्या फोटोंचं प्रदर्शन काढलं, आणि तो फोटो भिंतीएवढा करायचं काम आलं नेमकं आत्याच्याच भाचीकडे. धूळ, ओरखडे पुसायचे, माणसांना हात लावायचा नाही, हा तिथला नियम. भाची तो पाळण्यात भलती कडक.

दुसऱ्याच दिवशी आत्या कचेरीत हजर.

"माझं तोंड तेवढं मिट गं. तुला काय, चुटकीसरशी होईल."

"आत्या, मग फोटो खोटा होईल."

"आणि इतकी वर्षं मी खोटी ठरले, त्याचं काय?"

भाची वरमली. "मग खरं काय ते सांग तरी. का हसलीस?"

आत्या संगणकाच्या पडद्यावरच्या फोटोकडे बघत राहिली. "तुझा बाप जिवंत सापडला, असं कुणीतरी ओरडलं. जीव भांड्यात पडला माझा. हसू काय विचारून येतं?"

भाचीला भरून आलं. "अगं, मग हेच फोटोखाली छापू! एका ओळीत सगळ्यांची तोंडं बंद."

"खुळी की काय!" आत्या कडाडली. तिने पुढच्या बाईवर बोट ठेवलं. "ही येणार आहे बघायला. हिचा नवरा आणि तुझा बाप एकाच पाळीत, शेजारी शेजारी कामाला. हिचा गेला आणि आमचा सापडला, म्हणून मी हसले, हे तिने भिंतीवर वाचायचं? या वयात?"

"पण लोक तुला नावं ठेवतात त्याचं..."

"ठेवू देत. सवय आहे मला." आत्याने पिशवी उचलली. "छाप तसाच."

ती गेल्यावर भाचीने फोटोतल्या तिच्या ओठांवरून गेलेला ओरखडा पुसला. नियमात तेवढंच बसत होतं. हसू आणखी लख्ख दिसायला लागलं, आणि भाचीला रडू आवरेना.