पुंगळीच्या तळावरचं नाव

मी एक जुनी पितळी पुंगळी आहे, मित्रांनो. तोफेतून गोळा सुटून जातो आणि मागे जी रिकामी उरते, ती मी. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

एकाहत्तरच्या लढाईत मी एकदाच कामाला आले. ती लढाई पंधरवडाभरही चालली नाही, पण तिचा अभिमान आजवर पुरला आहे. मला तोफेत भरणारा दत्तू त्याच दुपारी पडला. त्याच्या शेजारी लढणाऱ्या हौसेरावांनी मला उचललं आणि माझ्या तळावर खिळ्याने त्याचं नाव कोरलं. दत्तूच्या मागे कुणी नव्हतं, त्याचा फोटोही नव्हता. जे काही होतं ते माझ्या तळाला होतं.

पुढे हौसेराव साताऱ्याकडून घणसोलीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा मीही आले. खंडेनवमीला त्यांच्या पत्नी सत्यभामाकाकू मला चिंचेने घासत, पण तळाला हात लावत नसत. मग कोयता, मुलाचे नट-बोल्ट आवळायचे पाने आणि मी अशी आमची पूजा होई. एरवी वर्षभर मी कपाटावर धूळ खात असे. माझी तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी सीमेवर पुन्हा थोड्या दिवसांची लढाई झाली आणि सोसायटीला एकदम माझी आठवण आली. जिन्यात हौसेरावांना ओळख न देणारे लोक घरी येऊन माझ्याबरोबर फोटो काढू लागले. कुणी म्हणे, मी शत्रूच्या रणगाड्यातून आणलेली. कुणी हळूच विचारी, ही फुटणार तर नाही ना? मला दोघांचाही भरवसा वाटेना.

डिसेंबरात विजय दिवस जवळ आला तसे सेक्रेटरी उदयसिंह पेढे घेऊन आले. हौसेरावांचा सत्कार करायचा आणि मला गेटजवळ काचेच्या पेटीत बसवायचं, असं ठरलं होतं. त्याआधी चकाकी आणायला मला जवळच्या पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये नेतो म्हणाले.

"ह्यो एवढा गोड का बोलतोय?" सत्यभामाकाकू आतून पुटपुटल्या. इतक्या वर्षांनी माझ्याही पोटात गोळा आला.

हौसेरावांनी मला पालथं करून बजावलं, "खालनं घासायचं न्हाई. तिथं नाव हाय."

"टेन्शन नका घेऊ, काका. एकदम नवी करून आणतो," उदयसिंह म्हणाले. ते तेव्हा मोबाइलमध्ये बघत होते.

वर्कशॉपमधल्या कारागिराला कुणी काही सांगितलंच नाही. त्याने मला फिरत्या चाकावर धरून वरून, बाजूने आणि खालून अगदी मनापासून घासलं. मी त्याला दोष देत नाही.

कार्यक्रमात मला हौसेरावांच्या हाती दिलं, टाळ्या झाल्या. त्यांचा अंगठा सवयीने माझ्या तळाशी गेला आणि तिथेच फिरत राहिला. तळ गुळगुळीत होता.

"दत्तू कुठाय?" त्यांनी माइकवर विचारलं.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. दत्तू म्हणजे मांडववाला असेल असं समजून कुणीतरी मागे हाक मारली. उदयसिंहांनी घाईघाईने हौसेरावांच्या खांद्यावर शाल घातली आणि घोषणा सुरू केल्या. हौसेरावांनी शाल खुर्चीवर ठेवली, मला काखेत घेतलं आणि ते घरी आले.

मित्रांनो, तुमच्या शाळेत किंवा चौकात माझ्यासारखं काही असेल, तर त्याला जरूर फुलं वाहा, फडक्याने पुसा. पण चकाकी आणण्याआधी एकदा पालथं करून वाचा. दत्तूचं नाव आता फक्त हौसेरावांच्या तोंडी उरलं आहे, आणि त्यांची पंच्याहत्तरी उलटली आहे.