वाफेकडे वळलेल्या गायी

१९८८ साली देवपुरात संकरित गायींचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तानुबाई आणि तिचा नवरा वना आपली काळी-पांढरी गाय घेऊन गेले. गावोगावच्या गायी मैदानभर बांधल्या होत्या. मधोमध गुरांचे डॉक्टर वळूचं वीर्य गोठवून कसं ठेवतात ते एका जाड भांड्यापाशी उभे राहून समजावत होते.

त्यांनी झाकण उचललं. पांढरी वाफ जमिनीवर ओघळली, आणि मैदानातल्या साऱ्या काळ्या-पांढऱ्या गायींनी रवंथ थांबवून एकदम तिकडे माना वळवल्या. मग त्या दबक्या आवाजात हंबरल्या. तानुबाईच्या गायीच्या सडांतून आपोआप दूध गळू लागलं. तुलनेसाठी शेजारी बांधलेल्या देशी गीर गायी मात्र निवांत वैरण खात होत्या.

"ह्या बठ्ठ्या एकमेकींले वळखतस का?" तानुबाईनं साऱ्या गायींवरून हात फिरवत विचारलं.

"नाही. पण बाप एकच आहे," डॉक्टर म्हणाले. "ह्यांच्या जन्माआधीच मेला तो. उरलंय ते ह्या भांड्यात."

"मंग तो मझारच शे," तानुबाई भांड्याच्या आत बोट दाखवत म्हणाली. "त्याले सोडी द्या, डॉक्टर."

डॉक्टर हसले, पण झाकण त्यांनी घाईनं लावलं. भांडं जीपमध्ये चढलं तशा गायी दावी ताणू लागल्या. वनाला आपली गाय एकट्यानं आवरेना.

पुढे ती माजावर आली तेव्हा तानुबाईनं डॉक्टरांना बोलावलं नाही. तिनं गाय गावच्या वळूला दाखवली. कालवड झाली, मोठी झाली, पण दूध बेताचंच देई. वना कुरकुरला की तानुबाई गावच्या वळूकडे बोट दाखवून म्हणे, "कमी दिऊ दे. हिना बाप डोयाले दिखस."