केरिसाशी लागलेलं लग्न

वार्तिनाचं लग्न केरिसाशी लागलं. नवरा कार्सादी सुमात्रात रबराच्या मळ्यावर कराराने अडकलेला, आणि मुहूर्त काय मळ्याच्या गोऱ्या मालकाला विचारून येतो? मग रीतीप्रमाणे नवऱ्याच्या जागी त्याचा केरिस, नागमोडी पात्याचा खंजीर, उशीवर ठेवला आणि लग्न लावून मंडळी जेवायला बसली. करार संपला की येईलच, असं सगळे म्हणाले. तो करार संपला, दुसरा झाला, मग निरोपही थांबले.

केरिस घडवला होता सासऱ्यांनीच, लोखंडाच्या घडीवर घडी ठोकून. मरताना ते म्हणाले, "पोरी, सुरो महिना चुकवू नकोस. त्याला न्हाऊ घातलं नाही, तर गंज खाईल."

तिने चुकवला नाही. दर सुरोत ती केरिस नारळाच्या पाण्यात भिजवी, लिंबाने चोळी, वर कुंचल्याने विषारी सोमलाचं पाणी देई. पातं काळं होई आणि त्यावर रुपेरी रेघा उमटत. चाफ्याचं तेल लावताना ती त्याच्याशी बोले. यंदा भात बरा आलाय. छप्पर गळतंय, तुम्ही असता तर.

"नवरा असावा तर असा!" शेजारीण जेमी चिडवायची. "खायला मागत नाही, उलटून बोलत नाही. माझ्याशी बदलतेस का गं?"

वार्तिना हसायची. पण डोळ्यांत प्राण आणून वाट पाहणं काय असतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

यंदाच्या सुरोत तिने तेल लावून केरिस म्यानात घातला, आणि दारात एक पिकल्या केसांचा माणूस उभा राहिला.

"मी कार्सादी. ओळखशील कशी म्हणा, कधी पाहिलंच नाहीस."

तिने त्याला चटईवर बसवलं. चहा केला, उकडलेला कसावा पुढे ठेवला.

"तिथं एक बाई होती," तो म्हणाला. "वारली. खोटं कशाला बोलू?"

"बरं केलंत सांगितलंत."

मग त्याने केरिस उचलला आणि झाडं तोडायच्या कोयत्यासारखा सपकन उपसला. अंगठ्याने धार पाहिली. "बोथटच आहे की!"

वार्तिनाने हात पुढे केला. केरिस आधी कपाळाला लावायचा, मग मूठ स्थिर धरून म्यान हलकेच मागे ओढायचं. लोहाराच्या पोराला हे सांगायचं?

"अहो, द्या इकडे. त्यांना असं नाही काढत."

"त्यांना?" तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू विरलं. केरिस त्याने दोन्ही हातांनी तिला परत दिला. "मी जाऊ का?"

"कुठे जाताय आता? आंघोळीला पाणी ठेवते."

माणूस वाईट नव्हता. न्हाऊन आला, छप्पर पाहिलं, उद्या शाकारतो म्हणाला. जेवताना मळ्यावरच्या डासांच्या गोष्टी सांगत राहिला. वार्तिना त्याला भात वाढत होती, हूं हूं करत होती, आणि तिला नवऱ्याची फार आठवण येत होती.