ऑर्लेना, चौदा सप्टेंबर

व्हर्ना किंब्रोने फ्रेमच्या काचेला जवळजवळ नाकच लावलं आणि आतल्या पाकिटावरचा पत्ता मोठ्याने वाचला.

"मिस पर्मीलिया स्ट्राउड, गेल्सबर्ग, इलिनॉय. हीच ती. माझ्या आजीची धाकटी बहीण."

"जरा नाक सांभाळा," थर्लो हॅस्किन म्हणाला. "काच आजच पुसलीय."

"चौऱ्याऐंशी वर्षं सांभाळत आलेय. तुझ्या काचेने काय व्हायचंय त्याला!"

ती मागे सरली, खुर्चीत बसली आणि पर्समधून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून तिने टेबलावर ठेवलं. रॉलिन्स गावच्या साप्ताहिकातलं होतं ते. फोटोत थर्लो डेन्व्हरच्या प्रदर्शनातलं सुवर्णपदक घेऊन अवघडून उभा होता आणि शेजारी हेच पाकीट मोठं करून छापलं होतं. वर मथळा होता, 'हरवलेल्या गावाचं एकमेव पाकीट'. ते वाचून ही बाई साठ मैल बर्फातून स्वतः पिकअप हाकत आली होती.

थर्लोने उभी हयात रेल्वेवाल्यांची घड्याळं दुरुस्त करण्यात घालवली. जीव मात्र गुंतला होता जुन्या टपालात. रूळ नुकतेच पडत होते, गावं आज उभी राहून उद्या मोडत होती, त्या काळातली पाकिटं तो जमवायचा. कुठल्या गावचा शिक्का, कुठल्या गाडीने गेलं, किती सेंटचं तिकीट, हे तो भिंग लावून तासन् तास पाहत बसे. लोखंडी शिक्का पोचलाच नव्हता अशा ठिकाणचा पोस्टमास्तर गावाचं नाव आणि तारीख पेनने तिकिटावरच लिहून टाकी, म्हणजे ते तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. या पाकिटावरही तपकिरी पडलेल्या शाईत तसंच लिहिलेलं होतं: ऑर्लेना, चौदा सप्टेंबर.

ऑर्लेना नावाचं गाव कुठल्याच नकाशात नव्हतं. ते आहे असं पहिल्यांदा म्हणाला थर्लो, आणि एकतीस वर्षं तेच म्हणत राहिला. रॉलिन्सच्या पश्चिमेला, रुळांच्या कडेने, एखाद्या उन्हाळ्यापुरतं वसलेलं आणि उठून गेलेलं. दर सुट्टीत तो रुळांच्या कडेने पायपीट करी, म्हाताऱ्या गँगमनना कॉफी पाजून विचारी, "ऑर्लेना ऐकलंय का कधी?" वायोमिंगच्या जुन्या टपालकचेऱ्यांवरचं जाडजूड पुस्तक मेमध्ये डेन्व्हरला छापायला जाणार होतं आणि त्यात थर्लोने लिहिलेलं एक अख्खं प्रकरण ऑर्लेनावर होतं. मुलंबाळं नव्हती. मागे काय राहणार, तर ते प्रकरण, असं तो कधी बोलला नव्हता, पण त्याच्या बायकोला, बर्निसला, ते ठाऊक होतं.

"मला पाकीट नको," व्हर्ना म्हणाली. "ते तुझं. मला आतलं पत्र हवंय."

थर्लोने कान खाजवला. "पत्र... आहे. म्हणजे असणार. खाली तळघरात."

"असणार म्हणजे?"

आता तिला कसं सांगावं? त्याच्यासारख्या लोकांची रीतच होती ती. पाकीट मिळालं की पत्र काढून बाजूला करायचं, म्हणजे पाकीट सपाट बसतं, घडीचा वळ उमटत नाही. यांच्या लेखी पाकीट म्हणजे दाणा आणि पत्र म्हणजे फोलपट. फोलपटं सफरचंदांच्या तीन खोक्यांत भरून तळघरात गेली होती, सगळी एकमेकांत मिसळून. मजकूर तरी काय असायचा, 'तब्येत बरी आहे, हवा वाईट आहे'. त्याने एकही वाचलं नव्हतं.

"एकतीस वर्षं परक्या बायकांची पत्रं घरात," स्वयंपाकघरातून ॲपल पाय घेऊन येत बर्निस म्हणाली, "आणि हा बाबा एकही उघडत नाही. दुसरा असता तर चोरून वाचली असती. मी म्हणते, एवढं सज्जन असू नये माणसाने."

व्हर्ना हसली, पण लगेच गंभीर झाली. "माझ्या आजीचं पहिलं मूल इकडे येताना वाटेत गेलं. मुलगी होती, दोन वर्षांची. आजीने इथे आल्यावर बायबल घेतलं आणि पहिल्या पानावर घरच्यांचे जन्म-मृत्यू लिहिले. पहिल्या ओळीत दोन तारखा आहेत. नाव नाही. जागा सोडलीय. माझ्या बापालाही बहिणीचं नाव ठाऊक नव्हतं. विचारलं की आजी उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायची. दुसरी तारीख आहे चौदा सप्टेंबर, अठराशे एकाहत्तर." तिने बोट भिंतीकडे केलं. "घरात आता मीच उरलेय. त्या जागेत नाव लिहून मग जावं म्हणते. बहिणीला कळवताना आजीने नाव लिहिलंच असेल की."

थर्लो खुर्चीत पुढे सरकला, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीसाठी नव्हे. मूल ऑर्लेनात गेलं असेल तर पत्रात ऑर्लेना कुठे ते असणार. नदीच्या कुठल्या अंगाला, कुठल्या स्टेशनपासून किती मैल, सगळं. एवढी वर्षं पुरावा तळघरात पडून होता आणि आपण बाहेर रुळांवर वणवण करत होतो.

"शोधतो," तो म्हणाला. "बाई, अगदी नक्की शोधतो."

"लवकर शोध. मला फार वेळ आहे अशातला भाग नाही."

त्याने खोकी वर आणली आणि खिडकीपाशी बसून वाचायला घेतली. बाहेर फेब्रुवारीचं बर्फ दिवसचे दिवस आडवं वाहत होतं, रस्ते बंद होते. पहिल्या दिवशी तो फक्त मायना आणि सही पाहून पत्र बाजूला ठेवी. तिसऱ्या दिवसापासून शेवटपर्यंत वाचू लागला. कुणी एक सुतार दर पत्रात बायकोला लिहीत होता की पुढच्या महिन्यात बोलावतो, आणि तसं लिहीत त्याने चार वर्षं काढली होती. एका पोराने आईला लिहिलं होतं, इथली माणसं शिव्या फार देतात आणि मला त्या आवडतात. कुणाचा दात दुखत होता. कुणाची गाय रुळांवर मेली होती आणि रेल्वेने तिची भरपाई दिली नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गायीचा थर्लोला राग येऊ लागला, म्हणजे रेल्वेचा.

हळूहळू घरात दिवस कुठला आणि रात्र कुठली ते त्याला उमगेनासं झालं. जेवताना तो मध्येच थांबे, "त्या सुताराने शेवटी बोलावलं असेल का गं?" असं विचारी, आणि बर्निसही घास हातात धरून विचार करी. दुपारी डोळा लागला की स्वप्नात ऑर्लेना येई. ते स्वप्न त्याच्या जुन्या ओळखीचं होतं. एकच रस्ता, लाकडी फुटपाथ, कोपऱ्यावर टपालकचेरी, तिच्या खिडकीत पिवळा उजेड. पूर्वी गाव नेहमी रिकामं असे. आता त्यात माणसं आली होती. सुतार फळ्या तासत होता, शिव्या आवडणारा पोरगा कुंपणावर बसला होता, आणि सगळे त्याला ओळखत असल्यासारखी मान हलवत होते. जागा झाल्यावर बराच वेळ बोटांना शाई लागल्यासारखं वाटत राही.

तिसऱ्या खोक्यात ते पत्र सापडलं. वर गावाचं नाव नव्हतं, 'गुरुवार, गाडीत' एवढंच. अक्षर गाडीच्या हिसक्यांनी वेडंवाकडं झालं होतं.

'प्रिय पर्मीलिया,

आमची बाळी आज पहाटे गेली. ताप होता. कंडक्टर भला माणूस, पण गाडी थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. सकाळी पाणी भरायला वीस मिनिटं थांबली, तेवढ्यात यांनी आणि चार जणांनी टाकीच्या मागे खड्डा केला, वर दगड रचले. तिथे गाव नाही, घर नाही, टाकी आहे आणि वारा आहे. पाटी करायला वेळ मिळाला नाही. शिट्टी झाली आणि आम्ही चढलो.

टपालाच्या डब्यात एक तरुण कारकून आहे. पत्र घेशील का म्हणून विचारायला गेले, तेव्हा त्याने पाहिलं मी कशी आहे ती. त्याच्याकडे लोखंडी शिक्का आहे. मी त्याला म्हटलं, शिक्का मारू नकोस, तिकिटावर तिचं नाव लिही आणि आजची तारीख लिही. दगडावर नाही तर नाही, कुठे तरी लिहिलेलं असू दे. नियमात बसत नाही म्हणाला, मग म्हणाला, लिहितो.

पर्मीलिया, मी ते नाव इथे लिहीत नाही, हात चालत नाही. मला उत्तर लिहिताना तूही लिहू नकोस. माझ्यासमोर कुणी ते घेतलेलं मला सोसणार नाही. पण पाकीट टाकू नकोस. पाकीट जपून ठेव.

तुझी सॅब्रा.'

थर्लोने पत्र दोनदा वाचलं. मग उठून भिंतीपाशी गेला आणि फ्रेमसमोर उभा राहिला.

गाव नव्हतंच. रस्ता नव्हता, फुटपाथ नव्हता, खिडकीत उजेड नव्हता. हसू आवरेना आणि रडूही आवरेना, अशी त्याची गत झाली.

तीन दिवस त्याने व्हर्नाला फोन केला नाही. पत्र सापडलं नाही असं सांगितलं तर कोण विचारणार होतं? तीन खोकी कुणी वाचणार नव्हतं. नुसतं पत्र पाठवून द्यावं, तर त्यात पाकिटाचा उल्लेख, आणि म्हातारी डोळ्यांनी अधू असली तरी डोक्याने नव्हती. मेमध्ये पुस्तक निघेल. एक गाव नकाशावर राहील. त्याने कुणाचं काय बिघडतं? असं तो मनाशी म्हणे आणि मग त्याला ती दगडांची रास दिसे. रुळांच्या कडेने चालताना अशा राशींवर बसून त्याने कितीदा डबा खाल्ला होता.

"सापडलं ना?" चौथ्या दिवशी बर्निसने विचारलं.

"कशावरून?"

"तीन दिवस कॉफी ढवळतोयस. साखर घालत नाहीस तरी."

त्याने पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिने ते वाचलं, चष्मा काढून ॲप्रनला पुसला, आणि म्हणाली, "रस्ता उघडलाय म्हणे आज सकाळपासून."

त्याने फ्रेम भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे काढले. पाकीट हातात घेतल्यावर त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पत्राची जुनी घडी मोडू न देता ते पुन्हा पाकिटात सरकवलं. ते सहज आत गेलं. मग त्याने डेन्व्हरला फोन लावला.

"ते प्रकरण काढून टाका," तो संपादकाला म्हणाला. "ऑर्लेना नावाचं गाव नव्हतं."

"अरे, काय बोलतोस! पदक मिळालंय तुला त्याच्यावर. आणि मग ते नाव कसलं?"

"आधी ज्यांचं आहे त्यांना सांगतो. मग तुम्हाला."

व्हर्नाचं स्वयंपाकघर लाकडाच्या शेगडीने ऊबदार होतं. टेबलावर बायबल काढून ठेवलेलं होतं, पेनही. थर्लोने पाकीट तिच्यापुढे ठेवलं आणि पत्र वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिने पाकीट उजेडाकडे धरलं.

"मी वाचलं होतं हे," ती म्हणाली. "तुझ्या घरी. पेपरातही. मला वाटलं गाव."

"मलाही तसंच वाटलं होतं. चूक माझी आहे, बाई. मीच सगळ्यांना तसं सांगत सुटलो. पत्र आणि पाकीट मीच वेगळं ठेवलं. पहिल्याच दिवशी वाचलं असतं तर..."

"गप बस जरा."

तिने पेन उचललं आणि मोकळ्या जागेत नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत ती त्यावर फुंकर घालत राहिली. मग खुर्चीला टेकून तिने विचारलं, "काय काय करायचास रे तू, त्या गावासाठी?"

"शोधायचो. पत्रं लिहायचो. क्लबात बोलायचो. स्टेशनात, हॉटेलात, जो भेटेल त्याला विचारायचो." त्याने मान खाली घातली. "लोक हसायचे. बर्निस म्हणायची, बायकोचं नाव दिवसातून एकदा घेतोस आणि ऑर्लेनाचं वीसदा."

"किती वर्षं?"

"एकतीस."

व्हर्नाने बायबल मिटलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता.

"आमच्या घरात शंभर वर्षांत कुणी तिला हाक मारली नाही," ती म्हणाली. "बरं झालं बाबा. कुणी तरी मारत होतं."