तोंडातलं सोनं

माझा नवरा आन्सेल्म सरदारांच्या कपाटांना सोनं चढवतो. कपाट बनवणारा वेगळा, त्यावरची पितळी वेलबुट्टी ओतणारा वेगळा. हा त्या वेलबुट्टीला मुलामा देतो. सोनं पाऱ्यात कालवायचं, तो लगदा पितळेला फासायचा आणि निखाऱ्यांवर धरायचं. पारा धूर होऊन जातो, सोनं राहतं. धूर कुठे जातो ते पॅरिसच्या आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही. चाळिशीचा मुलामेवाला पाहिला की कळतं. दात पडलेले, लाळ गळतेय आणि हात असे की सूप तोंडात कमी, सदऱ्यावर जास्त.

आमच्या लोकांचा यावर एकच उपाय. कामावर तोंडात सोन्याचं नाणं धरायचं, म्हणजे ते पारा ओढून घेतं. आईने लग्नात दिलेलं एकुलतं एक लुई नाणं मी पहिल्यांदा कारखान्याच्या दारात आन्सेल्मच्या गालात सारलं, तेव्हा कामावर त्याच्या शेजारी बसणारा म्हातारा गास्पार खिदळला होता.

"काय रे, बायकोनं तोंडाला कुलूप घातलं वाटतं?"

"तुझ्या बायकोनं घातलं असतं, तर चार दात उरले असते," आन्सेल्म म्हणाला.

संध्याकाळी नाणं पांढरंफटक होऊन परत यायचं. मला कोण आनंद व्हायचा. आज एवढं विष बाहेर काढलं, असं मी मिरवायची. मग उद्यासाठी ते पुन्हा पिवळं करायचं. ते कसं, हे मुलामेवाल्याच्या बायकोला शिकवावं लागत नाही. सुपाचं भांडं बाजूला सारून मी नाणं चिमट्यात धरायची, चुलीच्या निखाऱ्यांवर.

"वाकू नकोस फार," आन्सेल्म म्हणायचा. "बाकी एवढ्याशा नाण्याचा कसला आलाय धूर."

मी तोंड फिरवून घ्यायची. चुलीच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर आमची उर्स्युल शिवत बसलेली असायची. ऊब तिथेच होती.

त्या पोरीला मी या धंद्याच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही. मुलामा घोटून चकाकवायला मुली लागतात. मालकाने दोनदा मागितली, दोनदा मी नाही म्हणाले. तिला मादाम ब्लेझोंकडे रेशमी भरतकामाला घातलं. या घरातले दोन तरी हात स्थिर राहावेत, एवढंच माझं मागणं होतं.

परवा संध्याकाळी मादाम ब्लेझो स्वतः घरी आल्या. जाकिटाचा एक तुकडा त्यांनी टेबलावर पसरला. त्यावरच्या फुलांचे देठ नागमोडी झाले होते.

"तीन आठवडे हेच चाललंय. मला वाटलं आळस करतेय, म्हणून रागावलेही. खरं सांग, तू हिला मुलाम्याला धाडतेस का?"

"नाही हो, मादाम. देवाशपथ नाही."

"मग हे हात कुठून आले?"

उर्स्युलने हात एप्रनखाली लपवले. एप्रन हलत राहिला. माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यातलं नाणं अर्धं पिवळं झालं होतं.

सात वर्षं. नवऱ्याच्या तोंडातून काढायचं आणि लेकीच्या नाकात भरायचं, हा माझा संसार. मादाम गेल्यावर मी आन्सेल्मला सांगितलं.

"धुराडं आहे ना आपल्याला," तो एवढंच म्हणाला.

आज सकाळी त्याने सवयीने गाल पुढे केला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. नाणं उर्स्युलच्या तोंडात घातलं. दुसरं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. तो रिकाम्या तोंडाने कामावर गेला.

आत्ता तिने ते तळहातावर काढून दिलं. कडेने पांढरं झालंय. अंगणात जाऊन तापवावं, तर तिथे शेजारच्या सुताराची पोरं खेळताहेत. चूल पेटलेली आहे आणि उर्स्युल आपल्या स्टुलावर जाऊन बसली आहे.

"आई," ती म्हणते, "पिवळं कर ना. मला उद्या लागेल."